परिसंस्था संशोधन केंद्रांच्या संचालकांना खुले पत्र : विद्यार्थ्याला तुमच्या नोंदींमध्ये जागा द्या

परिसंस्था संशोधन केंद्रांचे सन्माननीय संचालक, संशोधन परिषदांचे सदस्य आणि प्रवेश समित्यांचे निमंत्रक यांस,

सविनय नमस्कार.

आपल्या केंद्रांमध्ये पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी.च्या संशोधनासाठी ज्या संधी जाहीर होतात, त्यांविषयी हे पत्र आहे. मी विद्यापीठात परिस्थितिकी, म्हणजे सजीव आणि त्यांचा परिसर यांच्या संबंधांचे शास्त्र, शिकवते. माझे विद्यार्थी आपल्यासारख्या केंद्रांत काम करण्यासाठी येतात, त्यामुळे या संधींची आखणी कशी होते आणि विद्यार्थ्यांच्या वाट्याला प्रत्यक्षात काय येते, हे मला दोन्ही बाजूंनी पाहायला मिळते.

दरवर्षी प्रवेशाची सूचना निघते. तिच्यात संशोधनाचे विषय असतात, प्रयोगशाळेतील उपकरणांची माहिती असते, पात्रतेच्या अटी आणि अर्जाची अंतिम तारीख असते. पण जी गोष्ट फक्त तुमच्याकडे आहे आणि कोणत्याही विद्यापीठाच्या विभागाला पैसे टाकून उभी करता येणार नाही, तिचा उल्लेख तिच्यात क्वचितच आढळतो. एकाच जागेकडे वर्षानुवर्षे पाहत राहिल्याने जमलेल्या नोंदी, ही ती गोष्ट. पीएच.डी.चा विद्यार्थी तीन ते पाच वर्षांसाठी येतो, आणि तो ज्या जंगलाचा, तळ्याचा किंवा पक्ष्यांच्या समूहाचा अभ्यास करतो त्याची घडामोड दशकांच्या मापाने चालते. हे अंतर भरून काढणे एकट्या विद्यार्थ्याला शक्य नाही, त्याच्या मार्गदर्शकालाही नाही. ते केंद्रालाच शक्य आहे. म्हणून माझी विनंती अशी की विद्यार्थ्यांसाठीच्या संधीची सगळी आखणी याच गोष्टीभोवती व्हावी. केंद्राच्या दीर्घ नोंदींवर स्वतःचा प्रश्न विचारण्याचा अधिकार विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून असावा, आणि तो विचारण्यासाठी लागणारा वेळ, पैसा व संरक्षण केंद्राने लेखी स्वरूपात द्यावे.

पनामातील बारो कोलोराडो बेटावर ५० हेक्टर जंगलातील प्रत्येक झाडाची नोंद १९८०च्या दशकाच्या आरंभी घेतली गेली. ज्याच्या खोडाचा व्यास एक सेंटीमीटर भरतो असे प्रत्येक झाड, सुमारे तीनशे जाती आणि दोन लाखांहून अधिक खोडे, मोजून त्यांना क्रमांक देण्यात आले. १९८५पासून दर पाच वर्षांच्या अंतराने ती मोजणी पुन्हा होत आली. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्रात पार्क ग्रास या कुरणावरील खतांचा प्रयोग १८५६ पासून चालू आहे, आणि ऑक्सफर्डजवळच्या वायटहॅम वनातील रामगंगा पक्ष्यांच्या घरट्यांच्या नोंदी १९४७ पासून ठेवल्या जात आहेत. चार वर्षांत प्रबंध लिहिणाऱ्या मुलीला यांतील एकही गोष्ट स्वतः आरंभापासून करता येणार नाही. पण यांतील प्रत्येक गोष्टीला ती असा प्रश्न विचारू शकेल, जो नोंदी सुरू करणाऱ्यांच्या मनातही आला नव्हता.

हे कसे घडते याचे एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, गॉथिक या जुन्या खाणवस्तीत, रॉकी माउंटन जैविक प्रयोगशाळा १९२८ पासून आहे. तेथे १९७३ मध्ये डेव्हिड इनोये या संशोधक विद्यार्थ्याने गुंजनपक्षी (हमिंगबर्ड) आणि भुंगमाश्या (बंबलबी) यांच्या अभ्यासासाठी फुलांची मोजणी सुरू केली. दोन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद अशा चौकोनांत हंगामभर ठरावीक दिवसांच्या अंतराने कोणत्या जातीची किती फुले उमलली, एवढीच ती नोंद होती. प्रबंध संपला, मोजणी थांबली नाही. २०१४ मध्ये पॉल कॅराडोना, एमी आयलर आणि स्वतः इनोये यांनी ३९ वर्षांच्या त्या नोंदी, साठ जाती आणि वीस लाखांहून अधिक फुले, एकत्र तपासून दाखवले की त्या डोंगरउतारांवरचा फुलांचा हंगाम एकूण ३५ दिवसांनी लांबला आहे आणि सगळ्या जाती सारख्या प्रमाणात सरकलेल्या नाहीत. कोणती जाती आधी फुलू लागली, कोणती उशिरापर्यंत फुलत राहिली, कोणत्या जातीचा भर केव्हा येतो, हे सगळे वेगवेगळे हलले होते. या निबंधाचे पहिले लेखक कॅराडोना त्या वेळी संशोधक विद्यार्थी होते. एका विद्यार्थ्याने सुरू केलेल्या नोंदींवर दुसऱ्या पिढीतील विद्यार्थ्याने आपला प्रश्न उभा केला, आणि १९७३ मध्ये हवामानबदलाचा विचारही नसलेल्या मोजणीतून हवामानबदलाविषयीचा एक ठोस पुरावा हाती आला.

यासाठी केंद्राकडून काय लागते? पहिली गोष्ट, नोंदी वाचता येतील अशा स्थितीत असणे. मोजणीची पद्धत कोणत्या वर्षी बदलली, कोणता चौकोन कोणत्या साली भूस्खलनात गेला, कोणत्या उन्हाळ्यात मोजणारी व्यक्ती नवी होती, या माहितीशिवाय आकड्यांचे तक्ते हाती देऊन उपयोग नसतो. ही माहिती बहुतेक ठिकाणी एखाद्या ज्येष्ठ तंत्रज्ञाच्या स्मरणात असते आणि तो निवृत्त झाला की ती जाते. ती लिहून घेणे हे संशोधनाचेच काम आहे आणि त्यासाठी पगारी माणूस नेमला पाहिजे. दुसरी गोष्ट, नोंदींवर हक्क कोणाचा हे विद्यार्थी येण्याआधी ठरलेले असणे. प्रबंधाच्या तिसऱ्या वर्षी, अर्धे विश्लेषण झाल्यावर, याच प्रश्नावर केंद्रातील एक शास्त्रज्ञ आधीपासून काम करीत असल्याने या नोंदी वापरता येणार नाहीत असे कळणे, हा प्रसंग माझ्या एका विद्यार्थिनीवर आला. केंद्राचे नाव मी येथे घेणार नाही. कारण दोष एका माणसाचा नव्हता, कोणतीच गोष्ट लिहून न ठेवण्याच्या रीतीचा होता.

येथे एक भेद स्पष्ट करायला हवा. नोंदी पुढे चालू ठेवणारा विद्यार्थी आणि नोंदींना प्रश्न विचारणारा विद्यार्थी हे दोन वेगळे आहेत. केंद्रांना पहिल्याची गरज असते हे मी समजू शकते. मोजणीचा एक हंगाम चुकला की मालिकेत पडलेले भोक कधीच भरून निघत नाही. पण केवळ मालिका अखंड राहावी म्हणून एखाद्याची चार वर्षे खर्ची घालायची आणि त्याला शिक्षण म्हणायचे, हे योग्य नाही. मोजणी हे कुशल कामगारांचे काम आहे, त्यांना कायम नोकरी आणि पुरेसा पगार द्यावा. विद्यार्थ्याने त्यात वाटा जरूर उचलावा, कारण ज्याने चिखलात उभे राहून एकही रोप मोजलेले नाही त्याला तक्त्यातील चुका दिसत नाहीत. तरीही त्याच्या वेळेचा मोठा भाग त्याच्या स्वतःच्या प्रश्नासाठी राखलेला असावा, आणि तो किती हे प्रवेशाच्या वेळी सांगितले जावे.

परिस्थितिकीचा इतिहास पाहिला तर या शास्त्राच्या पायाभूत कल्पनांपैकी कितीतरी विद्यार्थ्यांच्या कामातून आल्या आहेत. जोसेफ कॉनेल यांनी स्कॉटलंडमधील मिलपोर्ट येथील सागरी केंद्राजवळच्या खडकांवर, ग्लासगो विद्यापीठातील पीएच.डी.साठी, खडकाला चिकटून राहणाऱ्या बार्नकल या कवचधारी प्राण्यांचा अभ्यास केला. त्यांतून पुढे १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधाने दाखवले की एक जाती खडकाच्या वरच्याच पट्ट्यात आढळते, याचे कारण तिला खाली जगता येत नाही हे नसून दुसरी जाती तिला तेथे जागा देत नाही हे आहे. दुसरी जाती काढून टाकल्यावर पहिली खालीही नीट वाढली. निसर्गात प्रत्यक्ष फेरफार करून स्पर्धा तपासण्याची ती पद्धत आज पाठ्यपुस्तकांत आहे, आणि तिला लागले होते ते चालत जाता येईल असा किनारा, जवळ राहण्याची सोय आणि त्याच खडकाकडे महिनोन्‌महिने परत येण्याची मुभा.

रेमंड लिंडमन यांचे उदाहरण आणखी वेगळे आहे. मिनेसोटा विद्यापीठातील या विद्यार्थ्याने सीडर बॉग या लहानशा तळ्याचा अनेक वर्षे अभ्यास करून १९४१ मध्ये पीएच.डी. मिळवली, आणि प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणातील कल्पना वाढवून तळ्यातील ऊर्जा वनस्पतींकडून प्राण्यांकडे पायरीपायरीने कशी जाते याची मांडणी केली. परीक्षकांनी तो निबंध नाकारण्याची शिफारस केली होती. इव्हलिन हचिन्सन या ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी त्याची बाजू घेतली, संपादकांनी तो स्वीकारला, आणि १९४२ मध्ये तो प्रसिद्ध होण्यापूर्वीच लिंडमन यांचे वयाच्या २७व्या वर्षी निधन झाले. परिसंस्थेकडे ऊर्जेच्या प्रवाहाच्या दृष्टीने पाहण्याची रीत त्या एका निबंधाने रूढ केली. हे मी आपल्यापुढे मांडते ते याच्यासाठी की पुढच्या अनुदानाला शोभतील असेच विषय विद्यार्थ्यांना देणाऱ्या केंद्रात असा निबंध लिहिला जाणार नाही, आणि लिहिला गेलाच तर त्याच्या बाजूने उभे राहणारे कोणी तेथे असेल की नाही याची खात्री नाही. वाचनाला, विचाराला आणि मांडणी चुकण्याला जागा देणे, हा संधीचाच भाग आहे.

आता वेळेचा आणि पैशाचा प्रश्न. १९७७ मध्ये गॅलापागोस द्वीपसमूहातील डॅफ्नी मेजर या बेटावर पाऊस जवळजवळ पडलाच नाही. पीटर ग्रँट या जीवशास्त्रज्ञांचे विद्यार्थी पीटर बोग तेथे फिंच पक्ष्यांवर काम करीत होते. मऊ, लहान बिया संपल्या, मोठ्या आणि कठीण बिया उरल्या, मध्यम आकाराच्या भूफिंच पक्ष्यांपैकी बहुसंख्य मेले, आणि जे वाचले त्यांची चोच सरासरीने अधिक जाड होती. बोग आणि ग्रँट यांनी १९८१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे मांडले. नैसर्गिक निवड एका दुष्काळात, मोजता येईल इतक्या वेगाने घडताना दिसते, हे त्यातून सिद्ध झाले. कोणत्याही संशोधन प्रस्तावात त्या वर्षी दुष्काळ पडेल असे लिहिलेले नव्हते. तो पाहता आला, कारण दुष्काळाच्या आधीच तेथे पक्ष्यांच्या पायांत ओळखीच्या कड्या होत्या, त्यांच्या चोची मोजलेल्या होत्या आणि मोजणारी माणसे बेटावर जाऊ शकत होती.

निसर्ग विद्यार्थ्याच्या वेळापत्रकाप्रमाणे चालत नाही, हे आपण सर्वजण जाणतो. तरीही बहुतेक शिष्यवृत्त्या ते चालते असे गृहीत धरून दिल्या जातात. एका वर्षी फुले येत नाहीत, दुसऱ्या वर्षी पुरात साधने वाहून जातात, तिसऱ्या वर्षी वणव्यामुळे क्षेत्र बंद राहते, आणि विद्यावेतन मात्र ठरल्या तारखेला थांबते. हंगामी शास्त्रात एक हंगाम गेला म्हणजे एक वर्ष गेले. माझी मागणी अशी की प्रत्येक केंद्राने आपल्या निधीतून एक राखीव रक्कम बाजूला ठेवावी, आणि विद्यार्थ्याच्या हाताबाहेरच्या कारणाने हंगाम वाया गेला तर त्यातून एक पूर्ण वर्षाचे विद्यावेतन आपोआप मिळावे. त्यासाठी त्याला कोणाच्या मर्जीवर अवलंबून राहायला लागू नये. तसेच क्षेत्रकार्याचा खर्च, म्हणजे प्रवास, राहणे, नमुन्यांचे विश्लेषण, हा विद्यावेतनातून भागवायला लावू नये. आधी स्वतःच्या खिशातून खर्च करायचा आणि सहा महिन्यांनी परतफेडीची वाट पाहायची, ही रीत ज्यांच्या घरी पैसा आहे त्यांनाच परवडते.

निधीची अनिश्चितता केवळ व्यक्तीपुरती नसते. कॅनडातील ओंटारियो प्रांतात १९६८ पासून चालणारे प्रायोगिक तळी क्षेत्र हे जगातील अतिशय महत्त्वाच्या केंद्रांपैकी एक. तेथे १९७३ मध्ये एका तळ्याच्या मधोमध पडदा लावून एका बाजूला नायट्रोजन आणि कार्बन, तर दुसऱ्या बाजूला त्यांच्या जोडीला फॉस्फरसही घालण्यात आला. फॉस्फरसच्या बाजूचे पाणी शेवाळाने हिरवे झाले, आणि गोड्या पाण्याच्या तळ्यांत फॉस्फरस किती निर्णायक ठरतो हे कोणालाही एका छायाचित्रात दिसावे इतके स्पष्ट झाले. या केंद्राचा निधी थांबवण्याचे तेथील केंद्र सरकारने २०१२ मध्ये जाहीर केले आणि २०१४ मध्ये एका स्वतंत्र संस्थेने ते चालवायला घेईपर्यंत त्याचे भवितव्य टांगणीला लागले. अशा नामवंत केंद्रावर ही वेळ येऊ शकते, तर कोणत्याही केंद्रावर येऊ शकते. विद्यार्थ्याला प्रवेश देताना, केंद्र बंद पडले किंवा प्रकल्प संपला तरी त्याचा प्रबंध पूर्ण होईपर्यंतची सोय कोण करणार, याचे उत्तर कागदावर असले पाहिजे.

यातूनच दोन संस्थांचा प्रश्न पुढे येतो, आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त त्रास येथेच होतो. बहुतेक संशोधन केंद्रे स्वतः पदवी देत नाहीत. विद्यार्थ्याची नोंदणी विद्यापीठात, काम केंद्रात, एक मार्गदर्शक इकडे आणि एक तिकडे. सगळे सुरळीत असेल तर याहून चांगली व्यवस्था नाही, कारण विद्यापीठात त्याला वर्ग, ग्रंथालय आणि इतर विषयांचे सोबती मिळतात आणि केंद्रात जंगल किंवा तळे मिळते. पण मतभेद झाला की तो कोणाचाच राहत नाही. विद्यापीठ म्हणते की तो केंद्राचा माणूस आहे, केंद्र म्हणते की तो पाहुणा आहे. रजा कोण मंजूर करणार, आजारपणात विमा कोणाचा, मार्गदर्शक केंद्र सोडून गेला तर पुढे काय, निबंधात नावांचा क्रम कोण ठरवणार, या प्रश्नांवर विद्यार्थी महिनोन्‌महिने दोन कार्यालयांच्या मध्ये फिरत राहतो. जर्मनीतील माक्स प्लांक संस्थांनी विद्यापीठांच्या सोबतीने चालवलेल्या संशोधन शाळांत प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एकाहून अधिक शास्त्रज्ञांची सल्लागार समिती असते आणि ती ठरावीक काळाने त्याच्या कामाचा आढावा घेते. एका मार्गदर्शकाच्या हाती सगळे भवितव्य राहू नये, यासाठी ही रीत मला योग्य वाटते. त्या समितीत एक सदस्य तरी असा असावा ज्याचा त्या प्रकल्पाच्या निधीशी काहीही संबंध नाही.

सुरक्षिततेविषयी थोडक्यातच, पण तितक्याच आग्रहाने लिहिते. २०१४ मध्ये कॅथरीन क्लान्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षेत्रकार्य करणाऱ्या ६६६ संशोधकांच्या अनुभवांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतील ६४ टक्क्यांनी क्षेत्रावर स्वतःला लैंगिक छळाला तोंड द्यावे लागल्याचे सांगितले, आणि पाचांपैकी एकाहून अधिक जणांनी लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले. लक्ष्य मुख्यतः विद्यार्थी आणि नवखे संशोधक होते. दूरच्या केंद्रात विद्यार्थी जेथे राहतो, जेवतो आणि काम करतो ती जागा एकच असते आणि बाहेर जायची गाडी बहुधा मार्गदर्शकाच्याच ताब्यात असते. म्हणून तक्रार घेणारी व्यक्ती केंद्राबाहेरची असावी, तिच्याशी संपर्क साधण्याचे साधन विद्यार्थ्याच्या स्वतःच्या हातात असावे, आणि तक्रार केल्यावर त्याच्या नोंदी, नमुने व प्रबंध सुरक्षित राहतील याची लेखी हमी असावी.

प्रवेश कोणाला मिळतो, यावरही बोलले पाहिजे. अनेक सूचनांत क्षेत्रकार्याचा पूर्वानुभव मागितला जातो, आणि तो अनुभव बहुतेक ठिकाणी बिनपगारी मदतनीस म्हणून राबूनच मिळतो. ज्याला काही महिने पगाराशिवाय काढता येत नाहीत, तो हुशार असूनही गाळला जातो आणि हे कोणाच्या लक्षातही येत नाही. तशीच एक न लिहिलेली अट आहे: अर्ज करण्याआधी संभाव्य मार्गदर्शकाला पत्र लिहून त्याची तयारी विचारायची असते. ज्यांच्या घरात किंवा महाविद्यालयात हे सांगणारे कोणी असते त्यांना ते ठाऊक असते, बाकीचे थेट अर्ज भरतात आणि उत्तराची वाट पाहत राहतात. ही अट असेल तर ती सूचनेत लिहा. पत्रात काय असावे हेही लिहा. आणि केंद्राच्या शेजारी राहणारे, वीस वर्षे शास्त्रज्ञांना झाडे आणि पक्षी ओळखून देणारे जे मदतनीस आहेत, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या मुलांसाठी प्रवेशाचा स्वतंत्र मार्ग काढा. कोस्टा रिकात डॅनियल जॅन्झन आणि विनी हॉलवॉक्स या परिस्थितिकीतज्ज्ञांनी स्थानिक लोकांना वर्गीकरणाचे प्रशिक्षण देऊन पूर्ण वेळ कामावर घेतले, आणि त्या परिसरातील कीटकांविषयीच्या माहितीचा फार मोठा भाग त्यांच्या हातून जमा झाला.

एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी व्यवस्था हवी. त्यांच्याकडे एखादाच हंगाम असतो. त्यांना नवे क्षेत्र आखायला लावण्यापेक्षा जुन्या नमुन्यांकडे पाठवावे. रॉथमस्टेडच्या भांडारात माती आणि धान्याचे नमुने एकोणिसाव्या शतकापासून जपून ठेवले आहेत. १८४३ पासूनच्या गव्हाच्या नमुन्यांतील डीएनए तपासून, पानांवरील दोन बुरशीजन्य रोगांचे परस्पर प्रमाण हवेतील सल्फर डायऑक्साइडच्या उत्सर्जनाबरोबर कसे बदलत गेले, हे २००५ मध्ये दाखवता आले. नमुने साठवायला सुरुवात करणाऱ्यांना डीएनए ही गोष्टच माहीत नव्हती. अशा भांडारात बसून एका सत्रात पूर्ण होईल असा चोख प्रश्न एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला नक्की सापडतो, फक्त कपाटाची किल्ली त्याला मिळाली पाहिजे.

शेवटची विनंती जाणाऱ्या आणि येणाऱ्या विद्यार्थ्यांविषयी आहे. प्रबंध सादर झाला की विद्यार्थी लगेच केंद्र सोडतो, त्याची जागा काही महिन्यांनी दुसरा घेतो, आणि पहिल्याने शिकलेले बरेच काही मधल्या काळात हरवते. कोणता ओढा पावसाळ्यात पार करता येत नाही, कोणत्या संवेदकाचे आकडे दुपारी उन्हात फुगतात, कोणत्या झाडाचा क्रमांक दोनदा दिला गेला आहे, हे कोणत्याही प्रबंधात लिहिलेले नसते. जुन्या विद्यार्थ्याला प्रबंधानंतर एक पूर्ण हंगाम पगारावर थांबवून घ्यावे आणि नव्याने त्याच्यासोबत तो हंगाम काढावा. पुढील वर्षीची प्रवेशसूचना काढताना, नव्या विद्यार्थ्याला हे क्षेत्र कोण दाखवणार आहे आणि ती व्यक्ती किती दिवस त्याच्यासोबत असेल, एवढी एक ओळ तरी तिच्यात असावी, अशी माझी आपणा सर्वांना विनंती आहे.

आपली विश्वासू,
विद्यापीठातील एक मार्गदर्शक